जोडी जमली तर बी, नाही जमली तर टिपरी



लागणीचे दिवस जवळ आले की कारखान्याच्या गट कार्यालयात दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला असा, की को ८६०३२ आता उतरला म्हणतात, पहिल्यासारखं वजन पडत नाही, हे खरं काय? दुसरा प्रश्न थोडा गमतीने विचारला जातो. ज्वारी पेरतो, बाजरी पेरतो. उसालाही तुरा येतोच की! मग त्याचं बी धरून पेरलं तर एकरी दोन-अडीच टन बेणं तोडायचा आणि वाहायचा खर्च वाचणार नाही काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर एकाच जागी सापडते. ती जागा म्हणजे उसाच्या पेशीचा गाभा. तिथे धाग्यासारखी अतिसूक्ष्म गुणसूत्रे असतात. रंग दिला की ती सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात, म्हणून जुन्या पुस्तकांत त्यांना रंगसूत्रे असेही म्हटलेले आढळते. कांडी जाड की बारीक, साखर किती, पाचट सहज निघते की नाही, या सगळ्याची शिदोरी या धाग्यांवर बांधलेली असते. आणि हे धागे जोडीने असतात. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. जोडी म्हणजे काय हे आपल्या जत भागात कुणाला सांगायला नको. पूर्व भागातले आपले कानडी बोलणारे सभासदही जोडीला जोडीच म्हणतात.

ऊस वाहतुकीच्या बैलगाड्यांचा तळ डोळ्यांपुढे आणा. समजा तेवीस गाड्या उभ्या आहेत, म्हणजे तेवीस जोड्या, सेहेचाळीस बैल. पेशी नुसती वाढीसाठी दुभंगते तेव्हा प्रत्येक धाग्याची हुबेहूब नक्कल होते आणि दोन्ही नव्या पेशींना पूर्ण सेहेचाळीसचा संच मिळतो. पण बी धरायची वेळ आली, म्हणजे फुलात परागकण तयार व्हायचे असले किंवा जनावराच्या, माणसाच्या अंगात बीज तयार व्हायचे असले, की रीत बदलते. आधी प्रत्येक बैल आपापल्या जोडीदाराशेजारी येऊन उभा राहतो. मग जोडी सुटते, एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. दोन्ही बाजूंना तेवीस-तेवीस, प्रत्येक जोडीतला एकेक. सुटण्याआधी शेजारी उभे असलेले धागे आपले काही तुकडे एकमेकांशी बदलूनही घेतात. त्यामुळेच एका आईची लेकरे सारखी निघत नाहीत. आईचे तेवीस आणि बापाचे तेवीस एकत्र आले की पुन्हा सेहेचाळीसचा तळ भरतो.

सेहेचाळीस हा आकडा आम्ही उगाच घेतला नाही, तो माणसाचा आहे. तोसुद्धा नीट मोजला जायला १९५६ साल उजाडले. पेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२३ साली अठ्ठेचाळीस सांगितले होते, आणि पुढची तीसेक वर्षे जगभरच्या पुस्तकांत अठ्ठेचाळीसच छापले जात होते. पुढे जावा बेटावर जन्मलेले ज्यो हिन त्ज्यो आणि त्यांचे सहकारी आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमध्ये काम करून सेहेचाळीस हा आकडा पक्का केला. एकाने मोजलेले पुन्हा मोजून बघायचे नाही ही खोड शास्त्रज्ञांतही असते, नुसती काट्यावरच्या पावतीपुरती नाही!

आपल्या शिवारातले आकडे बघा. बाजरीची गुणसूत्रे १४, ज्वारीची २०, द्राक्षाची ३८, भुईमुगाची ४०, गव्हाची ४२. दावणीला बांधलेल्या गाईची ६०, शेळीची ६०, म्हशीची ५०, मेंढीची ५४. आकडा जास्त म्हणून जीव थोर, असं मात्र नाही. बटाट्याची ४८ आहेत, आपल्यापेक्षा दोन जास्तच. आकडा सारखा म्हणून सोयरीक जुळते असेही नाही. गाय आणि शेळी दोघींची साठ, पण धाग्यांवरचा मजकूर वेगळा. उलट खिलार गाईला होल्स्टीनचे रेतन केले तर कालवड होते आणि ती पुढे गाभणही राहते, कारण तिथे दोन्हीकडचे तीस-तीस धागे एकमेकांना ओळखतात.

जोडी जमली नाही की काय होते याचे जुने उदाहरण खेचराचे. घोडीची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ आली की खेचर ६३ चे होते. अंगाने ते काटक. ओझे वाहील, डोंगर चढेल. पण बीज तयार करायच्या वेळी धाग्यांना जोडीदार सापडत नाहीत आणि वंश तिथेच थांबतो.

योगायोग असा, की नेमका हाच ६३ आकडा आपल्या सांगलीच्या पेठेत पोत्यांनी विकला जातो. आपल्या हळदीची गुणसूत्रे ६३. तिच्यात जोडीऐवजी तीन-तीनचे संच आहेत, आणि तिघांची जोडी कशी लावायची? म्हणून हळदीला फूल येते, बी सहसा धरत नाही. खाण्याच्या केळ्याचीही अशीच तऱ्हा, ३३ गुणसूत्रे, तीन संच, म्हणून केळ्यात बी नाही. खेचराचा वंश खुंटला तसा हळदीचा खुंटला नाही, कारण शेतकऱ्याने जेठा गड्डा राखून ठेवला आणि पुढच्या वर्षी तोच लावला. जोडीचे काम माणसाच्या हाताने निभावून नेले.

आता उसाकडे येऊ. या बाबतीत ऊस म्हणजे सगळ्यांच्या वरताण आहे.

जुन्या बागायतदारांना पुंड्या ऊस आठवत असेल. मऊ, रसाळ, दाताने सोलून खायचा. त्या जातकुळीच्या उसाला शास्त्रात खानदानी ऊस म्हणतात आणि त्याची गुणसूत्रे ८०. गोडी भरपूर, पण नाजूक, रोगाला लवकर बळी पडणारा. दुसरीकडे ओढ्याकाठी, नदीकाठी पांढरे तुरे मिरवणारे कास नावाचे रानगवत आहे, तेही उसाचेच भाऊबंद. त्याच्यात साखर नावालाही नाही, पण चिवट असे की पाणी तुटो, रोग येवो, हटत नाही. जागा बदलेल तशी त्याची गुणसूत्रे चाळीसपासून सव्वाशेच्या पुढेपर्यंत सापडतात.

कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ साली सुरू झाले. तिथे बार्बर साहेब आणि त्यांचे सहकारी टी. एस. वेंकटरामन यांनी या दोघांचे लग्न लावले. आई वेल्लै नावाचा दक्षिणेकडचा खानदानी ऊस, गुणसूत्रे ८०. बाप कोइमतूरच्या रानातला कास, गुणसूत्रे ६४. त्यातून निघालेला को २०५ हा वाण १९१८ मध्ये पंजाबकडे लागवडीला गेला. को म्हणजे कोइमतूर. आपण आजही वाणाच्या नावाआधी जे दोन अक्षरांचे बिरूद लावतो ते तिथले.

इथे एक नवल आहे. ऐंशीचे निम्मे चाळीस आणि चौसष्टचे निम्मे बत्तीस, मिळून बहात्तर व्हायला हवेत. पण को २०५ ची गुणसूत्रे भरतात ११२. म्हणजे बापाने रीतीप्रमाणे निम्मे दिले आणि आईने आपले सगळेच्या सगळे ऐंशी ओतले! खानदानी ऊस आई असताना रानटी कासाशी संकर केला की असे घडते, हे जावा बेटावर काम करणारे डच शास्त्रज्ञ ब्रेमर यांनी १९२० नंतरच्या दशकात गुणसूत्रे मोजून दाखवले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही आईची उदारता फार मोलाची. गोडीचा वाटा पूर्ण आला आणि चिवटपणा वरकड मिळाला. पुढे या संकराचा खानदानी उसाशी पुन्हापुन्हा संकर करून गोडी वाढवली गेली. आजचे आपले सगळे वाण याच घराण्यातले आहेत. त्यांची गुणसूत्रे शंभर ते एकशेतीसच्या दरम्यान असतात आणि त्यांतला साधारण दहावा ते पाचवा हिस्सा कासाकडून आलेला असतो. उसाच्या एका आधुनिक वाणाच्या सगळ्या गुणसूत्रांचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध व्हायला २०२४ साल लागले, तोही रियुनियन बेटावरच्या आर ५७० या ११४ गुणसूत्रांच्या वाणाचा. माणसाचा नकाशा त्याच्या वीस वर्षे आधी झाला होता. उसाचा गुंता माणसापेक्षा मोठा, असं म्हटलं तर खोटं नाही.

कोइमतूरचे नाव निघाले म्हणजे जानकी अम्मल यांचे नाव घेतलेच पाहिजे. केरळातल्या तलशेरीत १८९७ साली जन्मलेल्या या बाई १९३४ मध्ये ऊस केंद्रावर रुजू झाल्या आणि उसाची, त्याच्या गवती भाऊबंदांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसल्या. उसाचा मक्याशीसुद्धा संकर त्यांनी करून पाहिला. पुढे इंग्लंडमध्ये डार्लिंग्टन यांच्या जोडीने लागवडीच्या हजारो वनस्पतींच्या गुणसूत्रांची सूची त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साखरेचे पोते उचलताना या बाईंची आठवण ठेवणारे थोडेच असतील.

तर तुऱ्याचा प्रश्न. उसाला आपल्याकडे तुरा येतो तो बहुतांशी वांझच असतो. हवामान कोइमतूरसारखे नसल्याने परागकण नीट जिवंत निपजत नाहीत. बी धरलेच तरी ते धुळीइतके बारीक. आणि ते उगवले तरी दर रोप वेगळे. शंभरावर धागे, त्यांतले काही बिनजोडीचे, त्यांची वाटणी दर वेळी निराळी. एका तुऱ्याच्या बियांपासून कुणी बोरूसारखा बारीक होईल, कुणी पोकळ, कुणी बिनसाखरेचा. हजारो रोपांतून एखादे उचलावे लागते आणि त्यावर दहा-बारा वर्षे चाचण्या चालतात. फलटण तालुक्यातले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून हे निवडीचे काम करत आले आहे. को ८६०३२ हा को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातला, आणि तो आपल्या राज्यात १९९६ मध्ये पाडेगावमार्फत नीरा या नावाने प्रसारित झाला.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. त्या संकरातून जी असंख्य रोपे उगवली त्यांतले एकच रोप निवडले गेले. त्या एका रोपाची टिपरी, टिपरीची टिपरी, असे करत करत तो आज लाखो एकरांवर उभा आहे. तुमच्या रानातला को ८६०३२ आणि कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या रानातला को ८६०३२ ही भावंडेसुद्धा नव्हेत, ते एकच झाड आहे! डोळा फुटतो तेव्हा जोडी सुटत नाही, नुसती नक्कल होते. म्हणून गुणसूत्रांच्या हिशेबाने वाण उतरत नसतो. क्वचित एखाद्या डोळ्यात धागा गळतो, बदलतो, पण त्याने सगळे रान बिघडत नाही.

मग वजन का पडत नाही? कारण टिपरीबरोबर गुणसूत्रांची नक्कल जाते तसा रोगही जातो. गवताळ वाढ, चाबूक काणी, मोझॅक, खोडवा खुजा करणारा जिवाणू, हे सगळे बेण्यातून पुढे सरकतात. बी पेरले जाते त्या पिकात दर पिढीला बरीचशी झाडाझडती होते, बेण्याच्या पिकात ती होत नाही. घरच्याच उसाचे, त्यातही खोडव्याचे, वर्षानुवर्षे बेणे वापरले तर वाणाला दोष द्यायचे कारण नाही. जमीन पाण्याने चोपण, क्षारपड झाली असेल तर ते वेगळेच दुखणे. म्हणून मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशा तीन टप्प्यांनी बेणे वाढवतात. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या बाष्पयुक्त हवेत अडीच तास ठेवतात. त्यात रोग मरतो, डोळा जगतो. ऊतीसंवर्धनाची रोपे हाही त्यातलाच मार्ग. तीन-चार वर्षांनी बेणे बदला, नऊ ते अकरा महिन्यांचे लागणीचेच बेणे घ्या, असे शेती खात्याचे लोक सांगतात तेव्हा ते कारखान्याचा खप वाढावा म्हणून सांगत नाहीत.

एकच झाड सगळीकडे असण्याची दुसरीही बाजू आहे, आणि ती आम्हाला जास्त काळजीची वाटते. सगळ्यांची ताकद एक, तसा दुबळेपणाही एकच. उत्तर प्रदेशात को ०२३८ या वाणाने शेतकऱ्यांचे आणि कारखान्यांचे दिवस पालटले, त्या राज्यातला बहुतेक ऊस त्याच वाणाचा झाला. मग लाल कूज रोगाला त्या वाणात वाट सापडली आणि रानेच्या राने लाल पडली. म्हणून एखाद्या सरीत तरी दुसरा शिफारशीचा वाण लावून बघा, असे आमचे सांगणे आहे.

एकच रक्त फार झाले की काय होते, हे मेंढपाळ सभासदांना ठाऊकच आहे. आपल्या तालुक्यातल्या माडग्याळची राघूनाक्या मेंढी नावाजलेली. पण कळपातलाच मेंढा बापापासून लेकीपर्यंत फिरत राहिला तर कोकरे खुजी, अधू निपजतात. यल्लम्माच्या जत्रेतल्या बाजारात लोक बाहेरचा वळू, बाहेरचा खोंड बघतात त्यामागचे शहाणपण हेच. कारण जोडीत एक धागा सदोष असला तरी दुसरा सांभाळून घेतो. दोन्ही एकाच आजोबाकडून आले आणि दोन्हींत तोच दोष असला, तर सांभाळायला कुणी उरत नाही.

आता हे स्पष्टच लिहितो. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे आहे, आणि सीमेलगतच्या गावांत सख्ख्या मामाने भाचीशी लग्न केल्याचीही घराणी आहेत. मामेबहीण-आतेभावाच्या लेकरात, एखाद्या जागचे दोन्ही धागे एकाच पूर्वजाच्या एकाच धाग्याची नक्कल असण्याची शक्यता सोळात एक असते, मामा-भाचीच्या लेकरात आठात एक. कोणत्याही जोडप्याला शंभरात दोन-तीन वेळा व्यंग असलेले मूल होऊ शकते. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात त्यात आणखी दोन-तीनांची भर पडते. म्हणजे दर वेळी वाईटच होते असे नव्हे, पण पिढ्यान् पिढ्या त्याच दोन घरांत सोयरीक चालली की हिशेब चढत जातो. घरात आधीच मुके-बहिरे मूल असेल, रक्ताचा आजार असेल, तर लग्न ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. जमीन घरात राहते म्हणून रीत चालते, हे आम्हीही जाणतो.

कधी कधी बीज तयार होताना एखादी जोडी सुटतच नाही आणि मुलाला एक धागा जास्त येतो. एकविसाव्या जोडीत असे तिसरे गुणसूत्र असते, एकूण ४७, हे फ्रान्सच्या लेजेन यांनी १९५९ साली दाखवले. अशी मुले मंद वाढतात, पण मायाळू असतात, शिकवली तर पुष्कळ शिकतात. आईचे वय वाढले की ही शक्यता वाढते. ग्रहण, करणी, बाधा यांचा त्यात काही संबंध नाही.

शेवटची जोडी तेविसावी, आणि घराघरांतल्या भांडणाचे मूळ तीत आहे. बाईच्या या जोडीतले दोन्ही धागे सारखे, त्यांना एक्स म्हणतात. पुरुषाची जोडी मात्र विजोड, एक एक्स आणि एक त्याच्याहून बराच तोकडा वाय. जोडी सुटली की बाईच्या प्रत्येक बीजात एक्सच जातो, तिच्याकडे दुसरे द्यायला नाहीच. पुरुषाच्या निम्म्या बीजांत एक्स, निम्म्यांत वाय. एक्स पोचला तर मुलगी, वाय पोचला तर मुलगा. याचा अर्थ इतका सरळ आहे, तरी तिसरी मुलगी झाली की सून माहेरी धाडली जाते. कूस बदलायचे उपाय, दिवस राहिल्यावर द्यायची मुलाची औषधे, हे सगळे पैसे उकळायचे धंदे. दिवस राहिले त्याच घटकेला ठरायचे ते ठरून गेलेले असते, नंतर वायचा एक्स होत नाही आणि एक्सचा वाय होत नाही.

निसर्गाच्या हिशेबाने हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्माला येतात. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली भरल्या, २०११ मध्ये ८६७. गर्भलिंग चाचणीला आळा घालणारा कायदा देशात सगळ्यांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही हे आकडे. जतसारख्या माणदेशाच्या शेजारच्या दुष्काळी मुलखापेक्षा पाण्याच्या, पैशाच्या, उसाच्या पट्ट्यात ही खोड कमी असेल असे वाटले होते, पण उसाच्या पैशाने सोनोग्राफीची वाट बंद केली नाही.

वंशाचा दिवा म्हणून ज्याच्यासाठी हे चालते, तो वाय धागा मोजला तर सगळ्या गुणसूत्रांत फार तोकड्यांपैकी एक, आणि त्याच्यावर मजकूरही थोडा. बापाचे बाकीचे बावीस धागे मुलाला मिळतात तसेच मुलीलाही मिळतात. तेविसाव्या जागी मुलाला बापाचा तोकडा वाय मिळतो आणि मुलीला त्याचा लांबलचक एक्स. बापाचा वाटा धाग्याच्या लांबीने मोजायचा झाला, तर तो लेकीच्या अंगात थोडा जास्तच भरतो.